जुन्या मॅसीला लोडर बसवताय? व्हॉल्व्ह घेण्याआधी पंप बघा

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारलंय. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेला फ्रंट लोडर घेतला. आर्म उचलायचे दोन जॅक (हायड्रॉलिक सिलिंडर), बकेटचे दोन जॅक, सांगाडा दणकट; पण कुठल्या जॅकला तेल जायचं ते ठरवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह आधीच्या मालकाने काढून घेतलेला. उन्हाळ्यात घरचं शेणखत भरायचं आणि बाकीच्या दिवसांत वीटभट्टीवर भाड्याने माती भरायची असा बेत आहे. दुकानदार म्हणतो, दोन लिव्हरचा कुठलाही व्हॉल्व्ह चालतो. एका मिस्त्रीने जेसीबीचा जुना व्हॉल्व्ह स्वस्तात देऊ केलाय. आणि डंपिंग ट्रॉलीसाठी मागे जे प्रेशर (ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाचं तोंड) काढलंय, तिथूनच लोडरला तेल द्यावं का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

आधी थेट उत्तर देतो. मिनिटाला ४० लिटरच्या गटातला, दोन स्पूलचा (स्पूल म्हणजे लिव्हरने आत-बाहेर सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा), एकसंध बॉडीचा ओपन सेंटर व्हॉल्व्ह घ्या. आर्मच्या स्पूलला फ्लोट (तो काय ते पुढे सांगतो) असू द्या, बकेटचा साधा, दोन्ही बाजूंनी तेल देणारा डबल अ‍ॅक्टिंग चालेल. रिलीफ, म्हणजे प्रेशर ठरलेल्या हद्दीपुढे गेलं की तेल टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह, त्याच्याच बॉडीत, अ‍ॅडजस्ट होणारा हवा. जेसीबीचा व्हॉल्व्ह घेऊ नका. आणि भट्टीवर भाड्याने चालवणार असाल तर मागच्या प्रेशरवर अवलंबून न राहता पुढे वेगळा गिअर पंप आणि वेगळी टाकी बसवा. आता कारणं सांगतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर कारण माहीत असलेल्या माणसाच्या हातात कोणी चुकीचा माल देऊ शकत नाही.

व्हॉल्व्ह निवडताना बहुतेक जण लोडरकडे बघतात: जॅक किती, लिव्हर किती, थ्रेड कुठले. खरं तर बघायचं असतं पंपाकडे. पंप मिनिटाला किती तेल देतो, कशा पद्धतीने देतो आणि ते तेल परत कुठे जातं, या तीन गोष्टींवर व्हॉल्व्ह ठरतो. लोडर नंतर.

ट्रॅक्टरवरचा गिअर पंप फिरतोय तोवर तेल ढकलतच राहतो. तुम्ही लिव्हरला हात लावा किंवा लावू नका. त्या तेलाला वाट पाहिजे. ओपन सेंटर व्हॉल्व्हमध्ये दोन्ही लिव्हर मधोमध असताना तेल बॉडीच्या मधल्या वाटेने सरळ टाकीकडे जातं, जवळपास प्रेशरशिवाय. लिव्हर ओढली की ती वाट बंद होते आणि तेल जॅककडे वळतं. क्लोज्ड सेंटर व्हॉल्व्हमध्ये मधली वाटच नसते. असा व्हॉल्व्ह गिअर पंपाला जोडला की लिव्हर मधोमध असतानाही सगळं तेल रिलीफ उघडून, पूर्ण प्रेशरने बाहेर पडतं. हिशेब करून बघा. मिनिटाला २० लिटर तेल १५० बार प्रेशरने रिलीफमधून जात असेल तर २० गुणिले १५० भागिले ६०० (किलोवॅट काढायला ६०० ने भागायचं), म्हणजे ५ किलोवॅट. ही सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. प्रणालीत २० लिटर तेल असेल तर ते मिनिटाला साधारण ९ अंशांनी तापतं. चाळीस अंशांवरचं तेल पाच मिनिटांत पंच्याऐंशीच्या घरात. तेल पातळ होतं, सील कडक होतात, पंप ओरडायला लागतो, आणि मालक म्हणतो पंप खराब निघाला.

एका भट्टीवर नेमकं हेच चाललेलं मी पाहिलंय. लोडर नवा, पंप नवा, अर्ध्या तासात टाकीला हात लावता येत नव्हता. दोनदा पंप बदलून झाला होता. व्हॉल्व्ह खोलल्यावर दिसलं की कारखान्यातल्या प्रेस मशीनवरून उतरवलेला, विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइडऐवजी हँडल लावलेला व्हॉल्व्ह होता, आणि त्याच्या स्पूलला मधल्या स्थितीत सगळी तोंडं बंद होती. प्रेसवर तो योग्य होता, ट्रॅक्टरवर नाही. व्हॉल्व्ह बदलला, जुनाच पंप परत लावला, तेल दिवसभर बोट ठेवण्याइतपत कोमट राहिलं.

इंटरनेटवर बघणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. अमेरिकेतले लोक जुन्या जॉन डिअरसाठी क्लोज्ड सेंटर व्हॉल्व्ह घ्या असं सांगताना दिसतील. ते बरोबर सांगतात, पण त्यांच्या ट्रॅक्टरसाठी. १९६३ साली आलेल्या जॉन डिअर ४०२० मध्ये असा पिस्टन पंप आहे की प्रेशर भरलं की तो स्वतःच तेल देणं थांबवतो. त्याला क्लोज्ड सेंटरच लागतो. आपल्या शेतांवरच्या जुन्या मॅसी, महिंद्रा, स्वराज, आयशरना तो सल्ला लागू करू नका.

आता तुमच्या १०३५ कडे येतो, कारण इथे मॅसीचं प्रकरण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. महिंद्रा, स्वराज यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर पंप इंजिनला लागून असतो आणि पाइपने तेल मागे अवजार उचलणाऱ्या लिफ्टकडे जातं. तो पाइप मध्ये तोडून लोडरचा व्हॉल्व्ह बसवता येतो. मॅसी १०३५ मध्ये तसा पाइपच नाही. पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला, चार पिस्टनचा. आणि लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या सक्शनच्या, म्हणजे तेल आत ओढण्याच्या बाजूला. ही हॅरी फर्ग्युसनची पद्धत, १९४६ च्या टीई-२० ट्रॅक्टरमध्येही हीच होती आणि ती मॅसीत पुढे चालत आली. याचा अर्थ असा की लिफ्टची लिव्हर स्थिर असेल तेव्हा पंपाला तेल आत घेऊच दिलं जात नाही. पंप फिरतोय, पण देत काही नाही. लिफ्टसाठी ही पद्धत फार हुशार आहे, नांगराची खोली धरायला तर अजूनही तोड नाही. पण लोडरला सतत तेल लागतं, आणि ते या पंपाकडून मिळवायचं तर लिफ्टची लिव्हर सतत पंपिंगच्या जागी ठेवावी लागते आणि लिफ्टकडे जाणारी वाट आयसोलेटर लावून बंद करावी लागते. आयसोलेटर नसेल तर आधी मागचे आर्म वर जातात, ते वरच्या टोकाला पोचले की कंट्रोल व्हॉल्व्ह सक्शन बंद करतो आणि लोडर मध्येच थांबतो. "लोडर कधी उचलतो, कधी उचलत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मॅसीवाल्यांमध्ये मला हेच कारण सर्वांत जास्त सापडतं.

दुसरी अडचण क्लचची. हा पंप पीटीओच्या, म्हणजे मागची यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टवरून चालतो. तुमच्या गाडीला सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की पंप बंद. माती भरताना दर मिनिटाला क्लच दाबावा लागतो, आणि नेमकं त्याच वेळी आर्म उचलायचा असतो. डबल क्लच असेल तर अर्धा दाबून काम भागतं, पण दिवसभर अर्ध्या क्लचवर पाय ठेवून काम करणं ना माणसाला परवडतं ना क्लचप्लेटला.

शिवाय त्या पंपाचं तेल म्हणजे गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचं तेल. तीस वर्षांच्या गाडीत त्या तेलात गिअरची झीज झालेला पोलादी बुका असतो. लिफ्टला तो चालून जातो. नव्या व्हॉल्व्हच्या स्पूलला नाही चालत, कारण स्पूल आणि बॉडी यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. चार दिवसांत स्पूलवर उभ्या रेघा पडतात, आणि मग आर्म हळूहळू खाली बसायला लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून आठ-दहा दिवस घरचं शेणखत भरायचं असतं तर मागचं प्रेशर, आयसोलेटर, नवं तेल आणि परतीच्या लाइनला फिल्टर एवढ्यावर काम निभावलं असतं. भट्टीवर भाड्याने चालवायचं तर पुढे क्रँकच्या पुलीसमोर कपलिंगने गिअर पंप जोडा. रेव्होल्यूशनला १६ सीसी पंप १५०० आरपीएमवर गळती धरून मिनिटाला २२ लिटरच्या आसपास देतो. १५० बारला त्यासाठी साडेपाच किलोवॅट, म्हणजे साडेसात एचपी लागतात, पंपाचा तोटा धरून साधारण साडेआठ. तुमच्या इंजिनला ते जड नाही. पंपाच्या शाफ्टवर थेट बेल्टची पुली मात्र चढवू नका. बेल्टचा आडवा ताण गिअर पंपाचे बुश खाऊन टाकतो. लवचीक कपलिंग, सरळ रेषेत. आणि पंप घेताना समोरून बघून क्रँक कुठल्या दिशेने फिरतो ते बघा; पंप क्रँककडे तोंड करून बसतो, म्हणून पंपाच्या शाफ्टकडून बघता त्याच्या उलट फिरण्याचा पंप घ्या, चुकीच्या दिशेचा लावला तर पहिल्याच दिवशी ऑइल सील बाहेर येतं. टाकी ३० लिटरची पुरे, लोडरच्या सांगाड्याच्या उभ्या खांबाजवळ बसते.

पंप ठरला, आता व्हॉल्व्हचा आकार. बाजारात 'पी ४०' आणि 'पी ८०' या नावांनी एकसंध बॉडीचे व्हॉल्व्ह मिळतात. आकडा म्हणजे मिनिटाला किती लिटर तेलासाठी तो बनलाय ते. २२ लिटरच्या पंपाला ४० चा व्हॉल्व्ह. "उद्या मोठा पंप लावला तर?" म्हणून ८० चा घेऊ नका. मोठ्या व्हॉल्व्हच्या स्पूलवरचे खाचे मोठ्या प्रवाहासाठी कापलेले असतात. कमी तेलावर लिव्हर थोडी हलवली की सगळं तेल एकदम सुटतं, आर्म झटका मारतो. जेसीबीच्या व्हॉल्व्हला माझा नकार मुख्यतः यासाठीच. तो बनलाय कितीतरी मोठ्या पंपासाठी. तुमच्या २२ लिटरवर त्याची लिव्हर बटणासारखी चालेल: एक तर बंद, नाही तर पूर्ण सुरू. विटांच्या थराजवळ बकेट हळू टेकवायची असते तिथे हे चालत नाही. आणि स्क्रॅपमधून आलेल्या व्हॉल्व्हचा स्पूल कितपत झिजलाय हे वेगळंच.

प्रवाहाच्या बाबतीत एक गोष्ट दुकानदारही विसरतात. परतीचं तेल पंपाच्या तेलापेक्षा जास्त असतं. तुमचे उचलायचे जॅक ५० मिमी बोअर (आतला व्यास), ३० मिमी रॉड असे धरू. पिस्टनच्या बाजूचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, रॉडच्या बाजूचं १२.६. आर्म खाली घेताना रॉडच्या बाजूने मिनिटाला २० लिटर आत गेलं तर पिस्टनच्या बाजूने ३१ लिटर बाहेर येतं. हे सगळं व्हॉल्व्हमधून आणि परतीच्या होजमधून जायचं असतं. अर्ध्या इंची होजमध्ये ते सेकंदाला चार मीटरच्या वेगाने धावतं, पाऊण इंचीत दोन मीटरच्याही आत. म्हणून परतीची लाइन पाऊण इंची. तिथे बॅक प्रेशर राहिलं की तेल तापतं आणि व्हॉल्व्हच्या टोकांच्या ओ रिंग भिजायला लागतात.

याच आकड्यांवरून वेगही काढता येतो. दोन जॅक, स्ट्रोक ५०० मिमी, भरायला जवळपास दोन लिटर तेल. मिनिटाला २० लिटरने सहा सेकंदांत आर्म वर. लोडरसाठी हा चांगला वेग आहे, त्याहून जलद नको.

आता स्पूल. इथे एका चुकीच्या शब्दाने सगळा सौदा बिघडतो. दुकानात "ओपन सेंटर द्या" म्हटलं की कधी कधी मोटर स्पूलचा व्हॉल्व्ह हातात येतो. मोटर स्पूलमध्ये मधल्या स्थितीत जॅककडे जाणारी दोन्ही तोंडंही टाकीला जोडलेली असतात. हायड्रॉलिक मोटर बंद करताना ती सहज फिरत थांबावी म्हणून ते तसं असतं. लोडरला तो लावला तर लिव्हर सोडल्यासरशी आर्म खाली. तुम्हाला हवं ते असं: मधल्या स्थितीत पंपाचं तेल टाकीकडे मोकळं, पण जॅकची दोन्ही तोंडं बंद. दुकानात "सिलिंडर स्पूल" असं सांगा.

वापरलेला व्हॉल्व्ह घेताना हे तिथेच तपासता येतं. लिव्हर मधोमध ठेवा, पंपाच्या तोंडातून कमी प्रेशरची हवा सोडा. टाकीच्या तोंडातून ती मोकळी यायला हवी. आली नाही तर तो ओपन सेंटर नाही. मग जॅकच्या एकेका तोंडातून हवा सोडा. टाकीच्या तोंडातून ती सरळ आली तर मोटर स्पूल आहे, ठेवून द्या. लिव्हर एकेका बाजूला ओढून हवा बरोबर तोंडातून येते का बघा. शेवटी मागची टोपी काढून स्पूल पुसून घ्या आणि नखाने आडवा चाचपा. नखाला रेघ लागली तर व्हॉल्व्ह परत द्या. स्पूल आणि बॉडी जोडीने घासून बसवलेले असतात. दुसऱ्याचा स्पूल आणून बसवणं किंवा पॉलिश करणं हा उपाय नाही, त्याने फट आणखी वाढते.

आर्मच्या स्पूलला फ्लोट घ्या असं वर म्हटलं. लिव्हर खाली घेण्याच्या पुढच्या खाचेत अडकते, तेव्हा जॅकची दोन्ही तोंडं टाकीला मोकळी होतात आणि बकेट स्वतःच्या वजनाने जमिनीच्या चढउतारावर चालते. शेण गोळा करताना, गोठ्यापुढची जागा साफ करताना याचा फार उपयोग होतो. फ्लोट नसेल तर ड्रायव्हर सतत लिव्हर वरखाली करतो, किंवा बकेट जमिनीत घुसवून पुढची चाकं उचलतो. बकेटच्या स्पूलला मात्र फ्लोट नको. आणि भरलेली बकेट वर असताना लिव्हर फ्लोटच्या खाचेत गेली तर आर्म कोसळतो, म्हणून ती खाच कडक, जाणीवपूर्वक ढकलल्याशिवाय न जाणारी हवी. घेताना हाताने ढकलून बघा.

बकेटसाठी रीजनरेटिव्ह स्पूल मिळत असेल आणि बजेट असेल तर जरूर घ्या, पण आधी एक बघा: तुमच्या लोडरला बकेट ओतताना जॅक लांब होतो का. बहुतेकांत होतो. कमी तेलाच्या ट्रॅक्टरवर ओतताना भरलेली बकेट वजनाने आधी खाली जाते, पंप तेवढ्या वेगाने जॅक भरू शकत नाही, आणि मग बकेट क्षणभर लुळी पडते. लिव्हर ओढूनही हलत नाही. रीजनरेटिव्ह स्पूल रॉडच्या बाजूचं तेल टाकीला न पाठवता पिस्टनच्याच बाजूला देतो. वरच्या मापाच्या जॅकला ओतण्याचा वेग पावणेतीन पटींनी वाढतो. ताकद तेवढी कमी होते, पण ओतायला ताकद कुठे लागते.

रिलीफबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे लोक गाडी मोडतात. १५० बारला तुमचे दोन जॅक मिळून सहा टनांच्या आसपास ढकलतात. आर्मच्या लिव्हरेजमुळे बकेटपाशी त्याचा लहानसा भाग पोचतो, तरीही तो १०३५ च्या पुढच्या अ‍ॅक्सलला भरपूर आहे. हा ट्रॅक्टर मागे ओढण्यासाठी बनलाय, पुढे वजन घेण्यासाठी नाही. बकेट उचलत नाही म्हटल्यावर रिलीफचा स्क्रू आवळायचा हा मिस्त्रींचा हमखास इलाज. आवळल्याने पंपाचं आयुष्य घटतं, होजवर ताण येतो, आणि पुढचा स्टब अ‍ॅक्सल किंवा सेंटर पिन जाते. रिलीफ हा त्या अ‍ॅक्सलचा फ्यूज आहे असं समजा. १४० ते १५० बारवर लावा, ०-२५० बारचा ग्लिसरीन गेज पंपाच्या लाइनवर कायमचा बसवा, आणि लॉकनट आवळून त्यावर रंगाची खूण करा, म्हणजे कोणी हात लावला तर कळेल. मागचं प्रेशर वापरणार असाल तर लोडरचा रिलीफ ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा १०-१५ बार खाली हवा. उचलत नसेल तर गेज बघा. प्रेशर भरत असेल तर वजन जास्त आहे. भरत नसेल तर पंप, रिलीफखाली अडकलेला कचरा किंवा जॅकचे सील बघा.

ज्यांच्याकडे महिंद्रा किंवा स्वराज आहे आणि पंपाचा पाइप तोडून व्हॉल्व्ह मध्ये घालायचाय, त्यांनी कॅरी ओव्हरवालाच व्हॉल्व्ह मागावा. साध्या व्हॉल्व्हला पंपाचं आणि टाकीचं अशी दोनच तोंडं असतात. लोक टाकीचं तोंड लिफ्टच्या पाइपला जोडतात. लिफ्टवर वजन आलं की ते सगळं प्रेशर व्हॉल्व्हच्या परतीच्या पोकळीत उलटं भरतं, आणि ती पोकळी एवढ्या प्रेशरसाठी नसते. स्पूलच्या टोकांच्या सील सुटतात, कधी कास्टिंग तडकतं. कॅरी ओव्हरमध्ये एक खास प्लग असतो. त्यामुळे मधल्या वाटेचं तेल वेगळ्या तोंडाने प्रेशरसह लिफ्टकडे जातं आणि जॅकचं परतीचं तेल तिसऱ्या लाइनने सरळ टाकीला. तीन लाइन असायलाच हव्यात: पंप, लिफ्ट, टाकी. दोनच दिसल्या तर जोडणी चुकलीय. तुम्ही पुढे वेगळा पंप लावणार असाल तर याची गरज नाही, मागची लिफ्ट आपली आपली चालेल.

एक गैरसमज दूर करतो. दुकानदार सांगतो, "यात चेक व्हॉल्व्ह आहे, आर्म खाली येणार नाही." आत चेक व्हॉल्व्ह असतो हे खरं, पण त्याचं काम वेगळं. वर असलेला आर्म आणखी उचलायला लिव्हर ओढता, तेव्हा पंपाचं प्रेशर भरेपर्यंत आर्म क्षणभर खाली दचकू नये म्हणून तो असतो. लिव्हर मधोमध असताना आर्म धरून ठेवतो तो स्पूल, आणि स्पूलमधून थोडी गळती कायम असते. मिनिटाला १० सीसी गळती धरली तर जॅक मिनिटाला अडीच मिलिमीटर बसतो आणि बकेट साधारण एक सेंटिमीटर. एवढं चालतं. डोळ्यांदेखत बसत असेल तर आधी जॅकचे सील बघा, मग स्पूल. काहीही असलं तरी वर असलेल्या आर्मखाली माणूस जाता कामा नये. ग्रीस मारायचं असेल, होज बदलायचा असेल, आर्म खाली टेकवा. टेकवता येत नसेल तर जॅकच्या रॉडवर बसणारा चॅनेलचा पक्का टेकू लावा. लोडरच्या सांगाड्याबरोबर तो टेकू आला नसेल तर व्हॉल्व्हच्या आधी तो बनवून घ्या. होज फुटल्यावर आर्म पडतो तो व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी पडतो, म्हणून भट्टीवर माणसांच्या गर्दीत चालवणार असाल तर उचलायच्या जॅकच्या तोंडाशीच, होज फुटताच तेल अडवणारा होज बर्स्ट व्हॉल्व्ह बसवून घ्या.

थ्रेड बघून घ्या. आपल्याकडच्या या व्हॉल्व्हना बहुतेक बीएसपीचे (ब्रिटिश पाइप मापाचे) सरळ आटे असतात, सील होतं ते डाउटी वॉशरने, म्हणजे आत रबर बसवलेल्या धातूच्या वॉशरने. नळकामाचा निमुळता निप्पल टेफ्लॉन टेप गुंडाळून त्यात आवळला की बॉडीला आतून पाचर बसते आणि कास्टिंगला केसासारखी चीर जाते. शिवाय टेपचा तुकडा सुटून रिलीफखाली बसतो. टेप या कामात वापरूच नका. प्रेशरच्या होज टू वायर, म्हणजे आत तारेच्या दोन जाळ्या असलेल्या घ्या: ३/८ इंची टू वायर ३३० बारचा, अर्धा इंची २७५ चा. वन वायरचा अर्धा इंची १६० बारचाच असतो, तो तुमच्या रिलीफच्या अगदी जवळ येतो, आणि धक्क्याचं प्रेशर रिलीफच्या वर जातंच. होजला बारीक छिद्र पडून धुक्यासारखं तेल उडताना दिसलं तर हाताने चाचपू नका. त्या प्रेशरचं तेल कातडीतून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याइतकंच दिसतं, दुखतही नाही, पण काही तासांत बोट जायची वेळ येते. असं कुणाला झालं तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि आत हायड्रॉलिक तेल गेलंय असं स्पष्ट सांगा.

जोडणी झाल्यावर जॅक, होज आणि नवीन टाकी आतून धुऊन घ्या. वापरलेल्या लोडरच्या जॅकमध्ये जुनं तेल आणि पाणी हमखास असतं. परतीच्या लाइनला २५ मायक्रॉनपेक्षा जाड फिल्टर नको, १० चा मिळाला तर उत्तम. रिलीफ पूर्ण ढिला करून इंजिन आयडलवर सुरू करा, दोन्ही लिव्हर एकेक करून टोकापर्यंत दोन-चार वेळा चालवा, हवा निघू द्या. जॅक आणि होज भरायला पाच लिटरपर्यंत तेल जातं, त्यामुळे टाकीची पातळी लगेच उतरेल. जॅक सगळे आखडून, बकेट जमिनीवर ठेवून ती परत भरा. मग आर्म वरच्या टोकाला दाबून धरून, गेजकडे बघत रिलीफ पाव-पाव वळसा आवळा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच धरा. १४५ वर थांबा आणि लॉकनट लावा. पहिल्या आठवड्याच्या कामानंतर फिल्टर काढून बघा. त्यात चकाकणारा बुका दिसला तर तेल बदलल्याशिवाय पुढे काम करू नका. मागे तीन पॉइंटवर वजन लावायला विसरू नका, रिकाम्या मागच्या चाकांवर भरलेली बकेट घेऊन भट्टीचा उतार उतरता येत नाही.